आयर्लंडच्या खेड्यांतल्या जागा आणि त्यांच्या गोष्टी : तुमचे अनुभव लिहा

नदीकाठ

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या, राहून गेलेल्या किंवा नुसत्या फिरून आलेल्या सगळ्यांना आवतण. इथे खेड्यात शेताचा कोपरा, एकटं झाड, तळं, बांधावरचा दगड, कशालाही गोष्ट असते. छापलेल्या गोष्टी आपण केव्हाही वाचू शकतो. मला हव्यात त्या तुम्ही जागेवर ऐकलेल्या. कोणी सांगितली, कुठे बोट दाखवलं, आणि तिच्यापायी तिथली माणसं आजही काय करतात किंवा करायचं टाळतात, ते लिहा. भुतंखेतं खरी की खोटी, यावर भांडण नको.

सुरुवात मी करते. आम्ही क्लेअर काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या आवारात भाड्याने राहतो. समोरच्या कुरणात मातीचा गोल बांध आहे, कमरेएवढा उंच, आणि त्यावर काटेरी हॉथॉर्नची झाडं. मे महिन्यात ती पांढऱ्या फुलांनी भरून जातात. सायलेजसाठी, म्हणजे गुरांच्या मुरवलेल्या चाऱ्यासाठी, गवत कापायला आलेला ट्रॅक्टर त्या बांधाला वळसा घालून जातो, आणि मागे हातभर रुंद न कापलेल्या गवताची कड राहते. मालक तसे इंचाइंचाचा हिशेब ठेवणारे. मी विचारलं, आत का नाही कापत? म्हणाले, "वडिलांनी कापलं नाही, आजोबांनी कापलं नाही. मी कशाला सुरुवात करू?" पुढे काही बोलले नाहीत.

हे रिंगफोर्ट. गावात त्यांना फेअरी फोर्ट म्हणतात. संशोधकांच्या मते साधारण इ.स. ५०० ते १००० या काळातल्या शेतकऱ्यांच्या घरांभोवतीचे हे बांध, आणि देशभरात असे ४०,००० हून जास्त आहेत. आत फेअरी राहतात अशी समजूत आहे, पण त्या पंखवाल्या चिमुकल्या पऱ्या नव्हेत. माणसासारख्याच, मानी, दुखावल्या तर गुरं मारणाऱ्या, पोर पळवणाऱ्या. त्यांचं थेट नाव न घेता जुनी माणसं 'भली मंडळी' म्हणतात. स्वतंत्र आयर्लंडचा प्राचीन वास्तूंचा कायदा १९३० चा. त्याआधीची कित्येक शतकं या बांधांची राखण याच धाकाने केली, असं माझं ठाम मत आहे.

वाटाड्या

मी रस्त्यांच्या कामात आहे. क्लेअरचा विषय निघाला म्हणजे लाटूनचं झाड आलंच.

१९९९ मध्ये न्यूमार्केट-ऑन-फर्गसजवळ नवा रस्ता आखला, तेव्हा एक हॉथॉर्न आखणीत येत होतं. एडी लेनिहन हे तिथले नावाजलेले कथेकरी. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी गोळा करण्यात त्यांनी आयुष्य घातलंय. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताच्या फेअरी पश्चिमेकडच्या कॉनाक्ट प्रांताच्या फेअरींशी लढायला निघतात तेव्हा या झाडापाशी जमतात, आणि ते तोडलं तर या रस्त्यावर माणसं दगावतील. बातमी जगभर गेली. शेवटी झाड राखूनच रस्ता झाला. २००२ मध्ये कोणीतरी करवत चालवून त्याच्या फांद्या उतरवल्या, तरी ते पुन्हा फुटलं. आज गाड्या भरधाव जातात आणि कुंपणाआड एक वाकडं झुडूप उभं असतं. माहीत नसेल तर नजरही जाणार नाही.

आमच्या कामावर एक पोकलेन चालवणारा गडी होता. खडक असो, चिखल असो, कुठेही मशीन घालायचा. एका शेतात मधोमध एकटं हॉथॉर्न होतं. त्याच्यापासून चांगलं दहा-बारा पावलं दूर त्याने मशीन बंद केलं, खाली उतरला आणि डबा उघडून बसला. साहेबांनी विचारलं तर म्हणाला, बाकीचं सगळं उकरतो, हे दुसऱ्या कोणाला तरी सांगा. दुसरं कोणी मिळालं नाही. नकाशात नाली थोडी सरकवली गेली. कागदावर कारण 'जमिनीची स्थिती' असं लिहिलंय.

तळेगावची

केरी काउंटीतही हेच. किलार्नी ते कॉर्क रस्त्यावर एक ठिकाण सारखं खचायचं, दुरुस्त केलं तरी पुन्हा खचायचं. २०१७ मध्ये तिथले खासदार डॅनी हीली-रे यांनी उघड सांगितलं, की आसपास फेअरी फोर्ट आहेत आणि खचण्याचं मूळ तिथेच आहे. आमच्या ऑफिसातले डब्लिनचे लोक हसले. केरीचे गप्प होते.

धुक्यातला

नदीकाठ, तुम्ही खऱ्याखोट्याचा वाद नको म्हणालात ते मान्य. पण एक गोष्ट खरी निघाली, ती सांगायलाच हवी.

मीथ काउंटीत बॉइन नदीच्या वळणावर न्यूग्रेंज आहे. इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची दगडी समाधी, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनी. १९६२ पासून प्राध्यापक मायकल ओ'केली तिथे उत्खनन करत होते. आजूबाजूची माणसं त्यांना सांगायची, वर्षातून एकदा सूर्य आत शिरतो आणि पार मागच्या तीन वेटोळ्यांच्या दगडापर्यंत पोचतो. सांगणाऱ्यांपैकी कोणी ते पाहिलेलं नव्हतं, आणि पाहणं शक्यही नव्हतं, कारण दारावरची उजेडाची फट दगडमातीखाली बुजलेली होती. ओ'केलींना आधी वाटलं, इंग्लंडच्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाची गोष्ट लोकांनी इथे आणून जोडली असेल. पण तोंड दक्षिण-पूर्वेला आहे, म्हणजे हिवाळ्यातल्या लहानात लहान दिवशी पाहावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते एकटे आत बसले. सूर्य वर आला, दारावरच्या चौकटीतून उजेडाची बारीक रेघ आत शिरली आणि सरकत सरकत गाभाऱ्यापर्यंत गेली. हा खेळ सतराएक मिनिटं चालतो.

मी आत गेलो ते साध्या दिवशी, गाइडसोबत. वाट इतकी अरुंद की खांदे तिरके करून जावं लागतं. आत सगळे उभे राहिल्यावर दिवे घालवतात आणि विजेच्या दिव्याने तो किरण दाखवतात. नक्कल आहे हे माहीत असूनही अंगावर काटा आला. फट कधी बुजली, कोणी कोणाला सांगत आलं, काहीच नोंद नाही. गोष्ट मात्र बॉइनच्या काठी टिकून राहिली. मला यापुढे बाकी सगळं फिकं वाटतं.

खडकवेडा

धुक्यातला, तुमच्या गोष्टीला जोड देतो. अँट्रिमच्या किनाऱ्यावरचा जायंट्स कॉजवे. हा भाग उत्तर आयर्लंडात येतो, पण गोष्ट अख्ख्या बेटाची.

फिन मॅक्कूल या महाकाय वीराने स्कॉटलंडच्या बेनानडोनरशी लढायला समुद्रात दगडांचा रस्ता बांधला. तो राक्षस आपल्याहून दांडगा आहे हे दिसल्यावर फिन घरी पळत आला. बायको हुशार. तिने नवऱ्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवलं. बेनानडोनर आला, पाळण्यातलं 'बाळ' पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, पोर एवढं तर बाप केवढा असेल! जाताना त्याने रस्ता उखडून टाकला, म्हणून आता दोन्ही टोकंच उरलीत.

मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी. तिथे बेसाल्टचे सुमारे ४०,००० खांब आहेत, बहुतेक षटकोनी, साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. लाव्हा निवताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या खाली खाली जात खांब सुटे होतात. आपल्याकडे अंधेरीची गिल्बर्ट हिल आणि कोल्हापूरकडचं बांदिवडे हेही असेच खांब, दख्खनच्या लाव्हाचे. गिल्बर्ट हिलच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे हे मुंबईकरांना ठाऊक असेल. तर मुद्दा असा, की समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरही हुबेहूब असेच खांब आहेत. दोन्ही काठांचा दगड एकच आहे हे गोष्ट रचणाऱ्या कोळ्यांनी, नावाड्यांनी पाहिलं होतं. त्यांनी दोन काठ एका रस्त्याने जोडले. आम्ही ते लाव्हाने जोडतो. निरीक्षण पहिलं त्यांचं, आणि त्याचा मान त्यांना मिळायलाच हवा.

आजी_कोथरूड

लेक डोनेगलला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा टोरी बेटावर नेलं. बोट इतकी हलत होती की सगळी वाट मी रामरक्षा म्हणत गेले. बेटावर झाड म्हणून नाही. वारा, दगड, थोडी घरं. बोटीवरच्या बाईंनी पूर्वेच्या कड्याकडे हात केला, तिथे बॅलरचा गड होता म्हणे. बॅलरला एकच जहरी डोळा, तो उघडला की समोरचा मेलाच. भविष्य असं, की मुलीच्या पोटचा मुलगा त्याला मारणार. म्हणून त्याने मुलीला, एथ्नला, मनोऱ्यात कोंडलं आणि पुरुषाचं तोंडही दिसू दिलं नाही. तरी मूल झालंच, बुडवायला दिलं तरी वाचलंच, दुसऱ्याच्या घरी वाढलं आणि लू नावाचा वीर होऊन त्याने आजोबाचा तो डोळाच फोडला. मी त्या बाईंना कंसाची आणि गोकुळाची गोष्ट सांगितली. लेक इंग्रजीत सांगत होती, मी मराठीत हातवारे करत होते. त्यांनी मधेच मला थांबवलं आणि बोटीच्या तांडेलाला हाक मारून बोलावलं. तूपण ऐक म्हणाल्या.

बेटावर उंदीर नाहीत असं सांगतात. संत कोल्मकिलचा आशीर्वाद. तिथली माती घरात ठेवली की उंदीर जातात, पण ती आपण उचलायची नाही. एका ठरावीक घराण्यातल्या वडीलधाऱ्याकडे मागायची, त्यांनी हाताने द्यायची. पैसे देऊ केलेले चालत नाहीत. मला हे फार आवडलं.

स्लायगोकर

मी इथे स्लायगोत डॉक्टर आहे. दवाखान्याच्या खिडकीतून नॉकनारेचा डोंगर दिसतो, ३२७ मीटर उंच, आणि माथ्यावर दगडांची प्रचंड रास. दहा मीटर उंच, पन्नासहून अधिक मीटर रुंद. ही मेव्ह राणीची समाधी म्हणतात. कॉनाक्टची ही राणी एका बैलासाठी उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतावर चालून गेली होती. तिला उभीच पुरलंय, चिलखतासकट, हातात भाला, तोंड शत्रूकडे. रास मेव्हच्या गोष्टींहून खूप जुनी, नवाश्मयुगातली, आणि आजवर कोणी खणलेली नाही.

माझ्या म्हाताऱ्या पेशंट बायका सांगतात, खालून एक दगड खिशात घालून न्यायचा आणि राशीवर ठेवायचा, चांगलं असतं. आता सरकारचे फलक उलट सांगतात: राशीवर चढू नका, दगड हलवू नका. पावलांनी खरोखर धूप होतेय, मी पाहिलंय. एका आजींना हे सांगितलं तर क्षणभर विचार करून म्हणाल्या, "मग मी पायथ्याशीच ठेवीन, राणीला कळेल."

मुक्काम_मेयो

माझी गोष्ट हसण्यासारखी नाही.

मेयो काउंटीत लुईसबर्गहून डेल्फीकडे जाणारा रस्ता डूलॉख तळ्याच्या काठाने जातो. दोन्ही बाजूंना डोंगर, वस्ती नाही. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि जो दुष्काळ आला त्यात सुमारे दहा लाख माणसं गेली, तितकीच देश सोडून गेली. मार्च १८४९ च्या अखेरीस लुईसबर्गच्या भुकेल्या लोकांना सांगण्यात आलं, की मदत चालू राहायला हवी असेल तर डेल्फीच्या बंगल्यावर तपासणीला हजर व्हा. माणसं थंडीपावसात एकोणीसेक किलोमीटर चालत गेली. साहेब लोक जेवत होते, थांबा म्हणाले. मग रिकाम्या हाताने परत पाठवलं. परतीच्या वाटेवर माणसं पडत गेली. किती, यावर प्रत्येक सांगणाऱ्याचा आकडा वेगळा. काहींच्या तोंडात गवत होतं, एवढं मात्र सगळे सांगतात.

माझ्याबरोबर वॉर्डात काम करणारी बाई तिथलीच. तिने मला गाडीतून उतरवून डोंगराची कूस दाखवली. तिरप्या उन्हात गवताखाली ओळीने वरंबे दिसत होते, बटाट्याचे. १८४० च्या दशकात लावलेले, नंतर कोणी नांगर घातला नाही. मग ती म्हणाली, इथून पायी जायचं असेल तर खिशात पावाचा तुकडा ठेव. भुकेने मेलेला माणूस जिथे पडला तिथे 'भुकेलं गवत' उगवतं. त्यावर पाय पडला की धडधाकट माणसाचेही पाय गळतात, तिथेच बसतो, आणि घासभर पोटात गेलं तरच उठतो. तिची आजी पर्समध्ये कायम बिस्किट ठेवायची.

तळ्यापाशी स्मारकाचा दगड आहे आणि त्यावर महात्मा गांधींचं वचन कोरलंय, माणसाने माणसाचा अपमान करण्याबद्दलचं. १९८८ पासून दरवर्षी लोक ती वाट चालतात. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांनी, स्वतः देशोधडीला लागलेले असताना, आयर्लंडला १७० डॉलर पाठवले होते. त्यांचीही आठवण या वाटेवर काढतात.

पाटीपेन्सिल

ज्यांना आपल्या गावची गोष्ट शोधायची आहे त्यांच्यासाठी. १९३७ ते १९३९ या काळात इथल्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना काम दिलं: घरी जा, आजीआजोबांना विचारा आणि वहीत उतरवून आणा. २६ काउंट्यांतल्या सुमारे ५,००० शाळा, ५०,००० मुलं, साधारण ७,४०,००० पानं. हे सगळं 'दूखस' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, शाळेच्या नावाने, गावाच्या नावाने. जुन्या हस्ताक्षराची पानं टंकून द्यायला स्वयंसेवक लागतात. मीही थोडी टंकली. बारा वर्षांच्या मुलीने लिहिलंय: आमच्या विहिरीपाशी रात्री जाऊ नये, त्याखाली विहिरीचा औषधी उपयोग, गुरांवरचे उपाय आणि दुष्काळात गावातली कुठली घरं ओस पडली त्यांची नावं. शेवटी बाईंची लाल टिकमार्क.

आपल्याकडे असा उद्योग गावोगावच्या झेडपीच्या शाळांतून व्हावा असं मला कळकळीने वाटतं. सांगणारी पिढी अजून आहे.

रात्रपाळी

लिहू की नको असं झालं होतं. मी प्रसूती विभागात नर्स आहे.

नदीकाठ, तुम्ही ज्या गोल बांधांबद्दल लिहिलंत, त्यांतल्या काहींच्या आत लहान लहान दगड उभे असतात. नावं नाहीत, तारखा नाहीत. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या आवारात जागा मिळत नसे. त्यांना अशा कोपऱ्यात, फेअरी फोर्टमध्ये, समुद्रकाठी, दोन गावांच्या शिवेवर पुरत. अशा जागेला किलीन म्हणतात. बहुतेक वेळा बाप किंवा काका अंधारात जाऊन पुरून येई, आई घरात. विसाव्या शतकातही हे चालू होतं.

आमच्याकडच्या एका वयस्क बाईंनी, स्वतः आजी झालेल्या, मला सांगितलं की त्यांच्या आईचं पहिलं बाळ गावाबाहेरच्या अशाच फोर्टमध्ये आहे. लहानपणी त्यांना तिथे खेळायला सक्त मनाई होती. फेअरी नेतील, असं सांगायचे. मोठेपणी कळलं तिथे कोण आहे. अलीकडे काही गावांनी अशा जागा साफ करून, धर्मगुरूंना बोलावून प्रार्थना केल्या, नावाचा दगड बसवला. त्या बाईंच्या गावातही झालं. आई तोवर गेलेली होती, म्हणून त्या स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. मला हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, सांगायला तर नाहीच. पण तुम्ही विचारलंत म्हणून.

नदीकाठ

रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. आमच्या कुरणातल्या बांधाकडे आता मी त्या नजरेने पाहीन. आत कधी गेले नाही, जाणारही नाही.

हर्लिंगवेडा

क्लेअरची असून बिडी अर्लीचं नाव अजून कोणी घेतलं नाही! फीकल गावची ही वैदू बाई, १८७४ मध्ये वारली. तिच्याकडे निळी बाटली होती, तीत पाहून ती माणसाचं दुखणं आणि पुढचं भविष्य सांगे. फी घेत नसे. लोक अंडी, लोणी, दारू आणून देत. धर्मगुरूंना ती खपायची नाही. तिच्या मरणानंतर ती बाटली किलबॅरनच्या तळ्यात फेकली म्हणतात, आणि ती शोधायला लोक आजही तळ्याकाठी जातात.

क्लेअरने हर्लिंगचं (काठी आणि चेंडूने खेळायचा इथला जुना खेळ) राष्ट्रीय विजेतेपद १९१४ मध्ये जिंकलं, त्यानंतर जिंकेचना. सगळे म्हणायचे, बिडीचा शाप. खेळाची संघटनाच १८८४ ची, म्हणजे ती गेल्यानंतर दहा वर्षांनी स्थापन झालेली, पण हे सांगितलं तरी कोणी ऐकत नसे. १९९५ मध्ये एकदाचे जिंकले. माझे घरमालक तो सामना पाहायला डब्लिनला गेले होते. येताना रात्री फीकलमार्गे गाडी वळवली आणि तिच्या घराच्या वाटेवर थांबून आभार मानले, असं ते अगदी गंभीरपणे सांगतात.

मुक्काम_मेयो

शापांचं निघालंच आहे तर आमचंही ऐका. मेयोचा गेलिक फुटबॉलचा (हा इथला वेगळा फुटबॉल) संघ १९५१ मध्ये चषक घेऊन घरी येताना फॉक्सफर्ड गावातून वाजतगाजत गेला. तिथे कोणाची तरी अंत्ययात्रा चालली होती, तिच्यासाठी ते थांबले नाहीत. शाप मिळाला: या संघातला शेवटचा माणूस जाईपर्यंत तुम्ही पुन्हा जिंकणार नाही. किती वेळा अंतिम सामन्यात पोचले आणि हरले! त्या संघातले शेवटचे खेळाडू २०२१ मध्ये वारले, तरी मेयो अजून जिंकलेलं नाही. वॉर्डातले निम्मे पेशंट म्हणतात असा शाप वगैरे कोणी दिलाच नव्हता. तेच लोक रस्त्यात अंत्ययात्रा दिसली की गाडी कडेला घेतात, इंजिन बंद करतात आणि शेवटची गाडी पुढे जाईपर्यंत हलत नाहीत.